अब्दुल करीम खाँ

अब्दुल करीम खाँ (११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७) हे हिंदुस्तानी संगीतातील किराणा घराण्याचे आद्य गायक होते. ताल व चालीपेक्षा दीर्घ स्वर आणि नादाच्या वातावरणावर उभ्या असलेल्या पाश्चात्त्य ‘ॲम्बियंट’ संगीताच्या पूर्वपीठिकेतही त्यांचे स्थान आहे.

जीवन

खाँसाहेबांचा जन्म उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. बडोदा दरबारात असताना ताराबाई माने यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि दोघांनी बडोदे सोडले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. १९२२ मध्ये ताराबाई मुलांसह विभक्त झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे ही त्यांचीच अपत्ये. मात्र त्यांनी पित्याचे नाव लावले नाही. पुढे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. सवाई गंधर्व हे त्यांचे प्रमुख शिष्य होत.

गायकी

मिरज हे तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचे गाव, आणि खाँसाहेबांचे गाणे तंबोऱ्यातूनच उगवत असे. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. त्या नादात स्वर मिसळून जाईपर्यंत ते एकेका स्वरावर रेंगाळत. तानेपेक्षा आलापाला आणि शब्दांपेक्षा स्वराला त्यांनी महत्त्व दिले. कर्नाटक संगीताचाही त्यांच्यावर प्रभाव होता.

प्रभाव

पाश्चात्त्य संगीताशी असलेला हा संबंध थेट गुरुपरंपरेचा नाही. खाँसाहेबांचे नातलग अब्दुल वहीद खाँ यांनी अतिविलंबित आलापी रुजवली. हिराबाईंना त्यांची तालीम मिळाली. प्राणनाथ हेही त्यांचेच शिष्य. प्राणनाथ १९७० साली अमेरिकेत गेले, तेथे ला मोंट यंग व टेरी रायली यांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. यंग हे अब्दुल करीम खाँच्या ध्वनिमुद्रिकांचेही निस्सीम चाहते होते. यंग व रायली यांच्या कामाचा ब्रायन इनो यांच्यावर परिणाम झाला आणि इनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी कल्पिलेल्या संगीताच्या ध्वनिमुद्रिकेतून ‘ॲम्बियंट’ ही संज्ञा रूढ केली. तथापि, दोहोंत मूलभूत भेद आहे. इनो यांचे संगीत दुर्लक्षिले तरी चालते; किराणा गायकी मात्र श्रोत्याचे पूर्ण अवधान मागते.

मृत्यू

मद्रासहून पाँडिचेरीला जाताना छातीत दुखू लागल्याने खाँसाहेब सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर उतरले. तेथे तंबोरा जुळवून ईश्वरस्मरण करीत असताना त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात असून तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते.