पंडिता रमाबाई

विद्यार्थ्यांनो, संकट आले की माणूस देवाची आठवण करतो. पण संकट टळलेच नाही तर? तेव्हाही देवावरचा भरवसा टिकवणे आणि हसतमुखाने कामाला लागणे फार अवघड असते. पंडिता रमाबाईंनी ते करून दाखवले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान होते. मुलींनी शिकणे त्या काळी लोकांना पसंत नव्हते. तरीही अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाला शिकवले. पुढे दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. त्यात थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण दगावली. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी, पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाचे ज्ञान पाहून तिला 'पंडिता' ही पदवी दिली.

पण दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंचे लग्न झाले, पण १८८२ साली पतीही कॉलऱ्याने गेले. तेव्हा रमाबाई अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि पदरात लहानगी मनोरमा होती. विचार करा, आता त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

रमाबाई रडत बसल्या नाहीत. पुण्याला येऊन त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवली.

तुम्ही बोरीवलीहून चर्चगेटच्या लोकलने जाता, तेव्हा चर्नी रोड स्टेशन लागते. तेथून जवळच गिरगाव चौपाटी आहे. याच भागात ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी 'शारदा सदन' उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. १८९३ साली मात्र, येथे मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप झाला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांचा आधार होता, तेही दूर झाले. तरी शाळा बंद पडली नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले. हाती पुरेसा पैसा नव्हता, पण देव सोय करील या भरवशावर त्या तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. म्हणून या मुलींना पुण्याजवळच्या केडगावला ठेवले. हेच 'मुक्ती सदन'. या मुली लिहायला-वाचायला शिकल्या, तसेच विणकाम, शेती, छपाई अशी कामेही शिकल्या. उपाशी आलेल्या मुली आपल्या पायांवर उभ्या राहू लागल्या. याच कामात रमाबाईंना आनंद सापडला.

सर्वांत मोठा घाव शेवटी बसला. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी, कामातली उजवा हात असलेली मनोरमा वारली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांना ऐकूही कमी येत होते. बायबलचे मराठी भाषांतर त्या अनेक वर्षे करत होत्या. ते काम त्यांनी अर्धवट टाकले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलींना आसरा देते.

मुलांनो, उर्दूत आपण ज्याला 'सब्र' म्हणतो, त्याचा अर्थ नुसते सोसत राहणे एवढाच नाही. रमाबाईंचे प्रत्येक दुःख खरे होते आणि त्यांना ते झोंबलेही असेल. पण दर वेळी त्यांनी आपल्याहून जास्त दुःखी माणसाचा हात धरला. तुमच्यावर कधी कठीण वेळ आली, तर देवावर भरवसा ठेवा आणि शेजारी कोण अडचणीत आहे, तेही पाहा.