विश्लेषण : तारायंत्राच्या शिक्षकाने ‘पार्कर’ पेन कसे घडवले?

बाणाच्या आकाराची क्लिप खिशावर दिसली की पेन पार्करचे, हे भारतात अनेक पिढ्यांना ठाऊक आहे. परीक्षेत मुलगा चमकला की मामा किंवा काका हेच पेन बक्षीस देत. ज्यांच्या नावाने ते विकले जाते, ते जॉर्ज सॅफर्ड पार्कर मात्र पेशाने पेन बनवणारे नव्हते.

सुरुवात कशी झाली?

पार्कर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या शल्सबर्गचा. त्याच राज्यातील जेन्सव्हिल येथे ते तारायंत्र शिकवत. पगार तुटपुंजा, म्हणून जॉन हॉलंड कंपनीची फाउंटन पेने ते विद्यार्थ्यांना विकू लागले. तारायंत्राच्या कामात यंत्राची टिकटिक ऐकत संदेश हातोहात उतरवावा लागे. पेन अडले की शब्द निसटला. आणि ती पेने अडत, गळत. विद्यार्थी ती घेऊन पुन्हा सरांकडेच येत. आपण विकलेल्या वस्तूची जबाबदारी आपली, म्हणून पार्कर ती दुरुस्त करत बसत. या उद्योगातच पेनात नेमके काय बिघडते, हे त्यांना कळले. त्यांनी १८८८ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली आणि पुढच्या वर्षी पहिले पेटंट मिळवले.

पैशांची चणचण होतीच. विमा व्यवसायातल्या डब्ल्यू. एफ. पामर यांनी एक हजार डॉलर देऊन निम्मा हिस्सा घेतला आणि १८९२ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली.

‘लकी कर्व्ह’ म्हणजे काय?

त्या काळचे पेन खिशात उभे ठेवले, तरी निबखालच्या खाचेच्या पट्टीत शाई अडकून राही. अंगाच्या उष्णतेने पेनातली हवा प्रसरण पावे आणि ती शाई बाहेर ढकलली जाई. टोपण काढले की बोटे माखलेली! पार्कर यांनी १८९४ मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत या पट्टीचे मागचे टोक वाकवलेले होते. ते पेनाच्या आतल्या भिंतीला टेकत असे. पेन उभे केले की केशाकर्षणामुळे अडकलेली शाई त्या भिंतीवरून परत टाकीत उतरावी, ही कल्पना. वात जशी तेल ओढून घेते, त्याच तत्त्वावर. जाहिरातीत सांगितले जाई तितकी ही युक्ती चालत असे का, याबद्दल संग्राहकांमध्ये आजही दुमत आहे. पण ग्राहकाची नेमकी तक्रार पकडून तिच्यावर उपाय विकणारी ती पहिल्या काही कंपन्यांपैकी एक ठरली, हे नाकारता येत नाही. ‘लकी कर्व्ह’ने पार्कर हे नाव अमेरिकाभर नेले.

सात डॉलरचा जुगार

पेन म्हणजे काळे, असा तेव्हाचा रिवाज. रबरापासून बनवलेली पेने बहुधा काळीच असत. १९२१ मध्ये कंपनीने जाडजूड, नारिंगी-लाल ‘ड्युओफोल्ड’ बाजारात आणले, तेही सात डॉलरना. त्याआधी कंपनीतच या रंगाबद्दल आणि किमतीबद्दल साशंकता होती. आग्रह धरला तो विक्री विभागातल्या माणसाने, आणि तो खरा ठरला. ‘बिग रेड’ या नावाने ते पेन गाजले. रबराची जागा प्लास्टिकने घेतल्यावर ते फुटत नाही, हे पटवण्यासाठी ते विमानातून खाली टाकण्याची प्रात्यक्षिकेही झाली.

मंदीत काय झाले?

महामंदीच्या वर्षांतही नवे प्रयोग थांबले नाहीत. लवकर सुकणारी ‘क्विंक’ शाई १९३१ मध्ये आली. दोन वर्षांनी पोटात रबरी पिशवी नसलेले, म्हणून जास्त शाई मावणारे ‘व्हॅक्युमॅटिक’ पेन आले. ओळखीची बाणाची क्लिप त्याच्यासोबतचीच. तोवर कारभार मुलाकडे, केनेथ पार्कर यांच्याकडे गेला होता. १९ जुलै १९३७ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी शिकागोत जॉर्ज पार्कर यांचे निधन झाले.

कंपनीचे सर्वांत गाजलेले पेन त्यांना पाहता आले नाही. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षावरून नाव मिळालेले ‘पार्कर ५१’ १९४१ मध्ये सर्वत्र विक्रीस आले. त्यातली निब जवळजवळ पूर्ण झाकलेली होती, म्हणजे शाई निबवर वाळू नये.