रानडे वाड्यातील स्वावलंबनाची पाठशाळा

कौशल्य विकास, रोजगाराभिमुख शिक्षण, कम्युनिटी कॉलेज हे शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या चांगलेच परिचयाचे झाले आहेत. ज्यांची शाळा सुटली, वय उलटले, घर सोडून दूर जाणे ज्यांना शक्य नाही, अशांना जवळच्या जवळ एखादे कौशल्य शिकवावे आणि पोटापाण्याला लावावे, हा त्यामागचा विचार. मात्र हे शब्द कोणाच्या कानावरही पडले नव्हते तेव्हा, २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यातील रानडे वाड्यात नेमके हेच काम सुरू झाले होते. संस्थेचे नाव होते सेवासदन आणि तिची सूत्रे होती रमाबाई रानडे यांच्या हाती.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून रमाबाई सर्वांना ठाऊक आहेत. २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने त्यांचे बालपण आणि संसार घराघरांत पोहोचवला. पतीच्या निधनानंतर तब्बल दोन तपे त्यांनी जे कार्य केले, ते मात्र त्या मानाने झाकोळलेलेच राहिले.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घरात झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात रीत नव्हती. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. माधवरावांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा सुधारक आता एखाद्या विधवेशीच विवाह करील, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे माधवरावांना नमते घ्यावे लागले आणि त्याबद्दल टीकाही सोसावी लागली. पुढे त्यांनी आपल्या निरक्षर पत्नीला शिकवण्याचा ध्यास घेतला.

हे शिक्षण सुखासुखी झाले नाही. पतीची इच्छा शिकवण्याची आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांचा त्याला कडवा विरोध, अशा कात्रीत ही कोवळी मुलगी सापडली. मराठी कसेबसे खपवून घेतले गेले; इंग्रजीचा अभ्यास सुरू होताच टोमण्यांना आणि अबोल्याला ऊत आला. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या, तेव्हा घरातील रोष आणखी वाढला. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे निवेदन त्यांनी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर वाचून दाखवले. त्याच वर्षी पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. पुणेकर ज्याला हुजूरपागा म्हणून ओळखतात, तेच हे विद्यालय. सभेत मान मिळवणाऱ्या या स्त्रीला घरी परतल्यावर मात्र बोलणीच खावी लागली. उलट उत्तर न देता, आपला मार्ग न सोडता माणसे राखायची कशी, याचा धडा त्या घरात शिकल्या. पुढे संस्था चालवताना त्यांना तोच उपयोगी पडला.

१८९३ मध्ये माधवराव उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि रानडे कुटुंब मुंबईत आले. तेथे रमाबाईंनी स्त्रियांचे मंडळ काढून भाषा, सामान्य ज्ञान, शिवण आणि हस्तकला यांचे वर्ग चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचे निधन झाले. पुण्याला परतलेल्या रमाबाईंनी जवळपास वर्षभर स्वतःला कोंडून घेतले. चरितार्थाची विवंचना त्यांना नव्हती. उरलेले आयुष्य व्रतवैकल्यांत घालवले असते, तरी कोणी बोट ठेवले नसते. पण त्या बाहेर पडल्या. कारागृहातील स्त्रियांना भेटू लागल्या, रुग्णालयांत जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची स्थापना केली. त्याची धुरा वाहण्यास त्यांनी रमाबाईंना गळ घातली. पुढच्याच वर्षी पुण्यात काम सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर संघटक म्हणून पाठीशी उभे राहिले. देवधरांची योजकता आणि रमाबाईंच्या नावाविषयी समाजात असलेला विश्वास, या दोन चाकांवर सेवासदनाचा गाडा चालू लागला.

विश्वासाचे मोल त्या काळी फार होते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले होते. तेथे विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून खुद्द न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्या संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पण विधवेशी विवाह केल्यामुळे त्यांना बहिष्कार सोसावा लागला होता. घरची सून किंवा विधवा लेक संस्थेत पाठवायची की नाही, हा प्रश्न सामान्य कुटुंबाला म्हणूनच अवघड वाटे. रमाबाईंचे वर्तन साधे, वेष परंपरेला धरून. अशा बाईंच्या वाड्यात मुलगी पाठवायला लोकांचा जीव धजावू लागला.

सेवासदनाची रचना पाहिली की रमाबाईंच्या व्यवहारदृष्टीचे कौतुक वाटते. ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नाही, अशा प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग होते. वय जास्त म्हणून कोणाला दार बंद नव्हते. पुढे शिक्षिका होऊ पाहणाऱ्यांसाठी अध्यापिका विद्यालय निघाले. शिवण, भरतकाम, विणकाम यांचा उद्योग विभाग होता. बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृह होते. म्हणजे साक्षरता, कौशल्य, निवारा आणि त्यानंतरची कमाई अशा साऱ्या पायऱ्या एकाच जिन्याला जोडलेल्या होत्या. यांतील एखादी जरी निखळली असती, तरी शिकणारी बाई मध्येच थांबली असती. शिक्षण फुकट मिळाले, तरी राहायचे कोठे? शिवण आले, तरी काम कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे संस्थेने आधीच शोधून ठेवली होती.

खरी कसोटी लागली ती परिचारिकांच्या प्रशिक्षणात. परक्या रुग्णाची शुश्रूषा करायची, जातपात न पाहता त्याला स्पर्श करायचा, रात्रपाळी करायची, हे प्रतिष्ठित घरांतील स्त्रीला अशोभनीय मानले जाई. रमाबाईंनी ससून रुग्णालयाशी जोडून घेतले आणि सेवासदनाच्या विद्यार्थिनींना तेथे रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण मिळू लागले. प्रारंभी पुढे येणाऱ्या मोजक्याच होत्या. त्या वसतिगृहात कोणाच्या देखरेखीखाली राहतात, हे कळल्यावर इतरांची भीड चेपली. रुग्णसेवा आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांसाठी पुढे वेगळ्या वसतिगृहाची गरज भासावी, इतकी संख्या वाढली.

या वाटचालीतील एक प्रसंग सांगितला जातो. बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक तरुण विधवा पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आली. सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन तरुणांनी तिची हुर्यो उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या आणि संतापाने थरथरत त्यांनी त्या मुलांची कानउघाडणी केली. दुर्दैवाच्या घाल्यातून उठून शिकणाऱ्या भगिनीला हसणाऱ्यांना सुशिक्षित म्हणवून घेण्याचा काय अधिकार, असा त्यांचा सवाल होता. सज्जा चिडीचूप झाला. रमाबाई स्वतः विधवा होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या संतापाची खोली कळते.

त्यांच्या कार्याला मर्यादा होत्या, हेही नमूद केले पाहिजे. रूढींशी थेट झुंज घेण्याऐवजी त्यांना वळसा घालून पुढे जाण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. अधिक वेगाने जाऊ पाहणाऱ्यांना तो मवाळ वाटला. पण गरज पडली तेव्हा त्या रस्त्यावरही उतरल्या. पुणे नगरपालिकेपुढे १९२० मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैशांच्या अडचणीमुळे आधी फक्त मुलांना शिकवावे, असा एक प्रबळ मतप्रवाह होता आणि लोकमान्य टिळकांचे वजन त्याच बाजूला होते. मुलींना वगळता कामा नये, या मागणीसाठी पुण्यातील स्त्रियांनी मोर्चा काढला, तेव्हा रमाबाई अग्रभागी होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी मुंबई इलाख्यात झालेल्या चळवळीचे नेतृत्वही त्यांनीच केले.

१९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान आजही अढळ आहे. ते माधवरावांच्या निधनापाशी थांबते. सेवासदनाचा पसारा, त्यासाठी गोळा केलेल्या देणग्या, दाराशी आलेल्या निराधार बायका यांतले त्यात काही नाही. स्वतःच्या कर्तृत्वाचा पाढा वाचावा, असे त्यांना वाटलेच नाही.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. वाड्यातील त्या लहानशा वर्गापासून सुरू झालेल्या सेवासदनात तोवर हजारभर स्त्रिया शिकू लागल्या होत्या. महात्मा गांधींनी आदरांजली वाहताना त्यांच्या याच कार्याचा गौरव केला. जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लक्ष्मी रस्त्यावरून जाताना सेवासदनाची पाटी आजही दिसते. गर्दीत तिच्याकडे लक्ष जातेच असे नाही. पण कोणे एके काळी माहेर आणि सासर दोन्हींकडून मिटलेल्या कितीतरी स्त्रियांना तिसरे दार या संस्थेने उघडून दिले. त्या दारातून बाहेर पडताना त्यांच्या हाती स्वतःच्या कमाईचे चार पैसे होते आणि ते कोणापुढे पसरण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. प्रशिक्षणाच्या कोणत्याही योजनेचे यश मोजायला याहून वेगळे माप कशाला हवे?