चार्ल्स ग्रँडिसन फिनी

चार्ल्स ग्रँडिसन फिनी (जन्म : वॉरन, कनेक्टिकट, २९ ऑगस्ट १७९२, मृत्यू : ओबर्लिन, ओहायो, १६ ऑगस्ट १८७५) हे अमेरिकेतील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक व धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘दुसरी महाजागृती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धार्मिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीचे ते एक प्रमुख प्रवर्तक होत. प्रवचनानंतर श्रोत्यांना पुढे येण्याचे जाहीर आवाहन करण्याची प्रथा सुवार्तावादी उपासनेत रुजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन

फिनी यांच्या बालपणीच त्यांचे कुटुंब न्यू यॉर्क राज्यात स्थायिक झाले. काही काळ शिक्षकाचे काम केल्यावर ॲडम्स या गावी त्यांनी एका वकिलाच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला. ऑक्टोबर १८२१ मध्ये आलेल्या उत्कट धार्मिक अनुभवानंतर त्यांनी वकिली सोडली. स्थानिक पाळक जॉर्ज गेल यांच्याकडे शिक्षण घेऊन १८२४ मध्ये ते प्रेस्बिटेरियन पाळक झाले. ज्यूरीसमोर बाजू मांडावी तशी त्यांची प्रवचने थेट व युक्तिवादपूर्ण असत.

चिंताग्रस्तांचा बाक

१८३०-३१ मधील रॉचेस्टर येथील सभांत फिनी यांनी पुढचे बाक पापाच्या जाणिवेने व्याकूळ झालेल्यांसाठी राखून ठेवले. अशा व्यक्तींनी सर्वांसमक्ष तेथे येऊन बसावे व त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी, अशी ही पद्धत होती. मेथडिस्टांच्या मैदानी सभांत तत्सम प्रथा आधीपासून होती. फिनी यांनी ती शहरी, सुशिक्षित मंडळ्यांत नेली. मनुष्य ईश्वराच्या हाकेला तत्क्षणी प्रतिसाद देऊ शकतो, असे ते मानीत. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत निश्चयाची जाहीर खूण म्हणून बाप्तिस्म्याला जे स्थान होते, तेच कार्य हा बाक करतो, असे त्यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरुज्जीवनविषयक व्याख्यानांत प्रतिपादन केले.

प्रभुभोजन आणि गुलामगिरी

१८३२ पासून फिनी न्यू यॉर्क शहरातील चॅटम स्ट्रीट चॅपलमध्ये पाळक होते. तेथे त्यांनी गुलामांच्या मालकांना प्रभुभोजनात सहभागी करून घेण्यास नकार दिला. पश्चात्तापाचे आवाहन सर्वांना खुले होते. परंतु गुलामगिरी हे पाप असल्याने ते न सोडणाऱ्याला प्रभूच्या मेजावर स्थान नाही, अशी त्यांची भूमिका होती. मात्र त्याच चॅपलमध्ये कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय उपासकांनी एकत्र बसावे, या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला नाही. या विसंगतीमुळे गुलामगिरीविरोधी सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद झाले.

१८३५ मध्ये ते ओबर्लिन येथे प्राध्यापक झाले. या संस्थेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना व स्त्रियांना प्रवेश दिला होता. १८५१ ते १८६६ या काळात ते संस्थेचे अध्यक्ष होते.

टीका

जर्मन रिफॉर्म्ड पंथाचे धर्मशास्त्रज्ञ जॉन विल्यमसन नेविन यांनी १८४३ मध्ये या बाकाच्या पद्धतीवर टीका करणारे पुस्तक लिहिले. बाकापर्यंत चालत जाणे हाच पश्चात्ताप असल्याचा भ्रम होतो आणि धर्मशिक्षण व संस्कारविधी यांतून होणारी श्रद्धेची संथ जडणघडण मागे पडते, असा त्यांचा आक्षेप होता. १८४६ मधील ग्रंथात त्यांनी प्रभुभोजनातील ख्रिस्ताच्या आध्यात्मिक पण वास्तव उपस्थितीची बाजू मांडली.

प्रभाव

पुढे या बाकाचे स्थान वेदीपाशी येण्याच्या आवाहनाने घेतले. विसाव्या शतकात बिली ग्रॅहम यांच्या सभांमुळे ही प्रथा जगभर परिचित झाली. उपासनेची परिणती श्रोत्याच्या तात्काळ निर्णयात व्हावी की प्रभुभोजनात, हा फिनी व नेविन यांच्या काळातील वाद प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही चालू आहे.