इंग्रजांना हवे होते सब-असिस्टंट, पण त्याच कॉलेजातून मुंबईला मिळाले डॉ. भाऊ दाजी लाड

बारावी सायन्सचा निकाल लागतो, नीटचा स्कोअर थोडक्यात हुकतो आणि घरात एकच चर्चा सुरू होते. एमबीबीएस नाही तर मग काय? भाईंदर पूर्वेच्या चाळीतलं घर असो नाहीतर लातूरच्या क्लासची रूम, प्रश्न तोच. मग कुणीतरी सांगतं, फिजिशियन असिस्टंटची डिग्री कर. साधारण चार वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासायचे, हिस्टरी घ्यायची, ऑपरेशनला मदत करायची.

यावर घरच्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टरचा मदतनीसच ना?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण मुंबईत तो जवळपास दोनशे वर्षं जुना आहे. त्याचं सगळ्यात भारी उत्तर ज्यांनी दिलं त्यांच्या नावाचं म्युझियम भायखळ्याला राणीच्या बागेत उभं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड.

आता म्युझियमच्या पाटीवरचं नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण हा माणूस डॉक्टर कसा झाला आणि त्याला खरंतर काय बनवायचं ठरलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर विषय सुरू होतो १८२६ साली.

ईस्ट इंडिया कंपनीकडे फौज होती, तुरुंग होते, दवाखाने होते. पण विलायतेतून येणारे डॉक्टर महाग आणि मोजके. त्यामुळे त्यांच्या हाताखाली काम करणारी देशी माणसं तयार करायची, असं ठरलं. १८२६ मध्ये मुंबईत नेटिव्ह मेडिकल स्कूल सुरू झालं. डॉ. जॉन मॅक्लेनन हे त्याचे प्रमुख. शिकवणं देशी भाषेतून आणि त्यासाठी मराठीत पुस्तकंही तयार केली गेली. पण उद्देश मर्यादित होता. पूर्ण डॉक्टर घडवायचेच नव्हते, घडवायचे होते ते मदतनीस. १८३२ मध्ये ही शाळा बंद पडली.

पुढे १८३५ मध्ये सर रॉबर्ट ग्रांट मुंबईचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षी कलकत्त्यात मेडिकल कॉलेज निघालं आणि १८३६ मध्ये तिथे मधुसूदन गुप्ता यांनी प्रेताचं विच्छेदन करून जुनी समजूत मोडली. मुंबईतही असंच पूर्ण वैद्यकीय शिक्षण द्यायचं, ही ग्रांट यांची कल्पना होती. इथल्या पोरांना हे झेपणार नाही, असं म्हणणारेही कमी नव्हते. त्यातच १८३८ मध्ये ग्रांट वारले.

पण मुंबईच्या लोकांनी विषय सोडला नाही. त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमा झाली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी हॉस्पिटलसाठी मोठी देणगी दिली. १८४५ साली भायखळ्याजवळ दोन गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, जे. जे. हॉस्पिटल आणि ग्रांट मेडिकल कॉलेज.

आणि पहिल्याच बॅचमध्ये भाऊ दाजी होते.

त्यांचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्र्याचा. घरची गरिबी. पोटापाण्यासाठी वडील मुंबईला आले आणि भाऊही सोबत आले. पोरगं बुद्धिबळात तरबेज होतं. त्याचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना गळ घातली की, याला इंग्रजी शाळेत घाला. वडिलांनी ऐकलं आणि भाऊंचं आयुष्य बदललं.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकत शिकत ते तिथेच शिक्षक झाले. याच काळात काठियावाड आणि कच्छमधल्या मुलींच्या हत्येच्या प्रथेवर निबंधस्पर्धा लागली. भाऊंनी निबंध लिहिला आणि ६०० रुपयांचं बक्षीस मिळवलं. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

म्हणजे पंचविशीच्या आत त्यांच्याकडे नोकरी होती, नाव होतं. तरीही १८४५ मध्ये ते पुन्हा विद्यार्थी म्हणून ग्रांट मेडिकल कॉलेजच्या बाकावर जाऊन बसले.

या कॉलेजात नेमकं काय वेगळं होतं?

कॉलेजचे प्रमुख होते डॉ. चार्ल्स मोरहेड. ते एडिंबरा आणि पॅरिसमध्ये शिकलेले. त्यांचा आग्रह असा की, वैद्यकशास्त्र पाठ करून येत नाही, ते पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून शिकावं लागतं. जे. जे. हॉस्पिटल शेजारीच असल्याने ते शक्य होतं. विद्यार्थी शरीररचना, रसायनशास्त्र, औषधं, शस्त्रक्रिया, बाळंतपण असं सगळं शिकायचे, वॉर्डात जायचे, रुग्णाच्या नोंदी ठेवायचे. प्रेताचं विच्छेदनही करावं लागायचं. प्रेताला हात लावला म्हणून आंघोळ करण्याच्या त्या जमान्यात हे किती मोठं धाडस होतं, याचा अंदाज करा.

नेटिव्ह मेडिकल स्कूल आणि ग्रांट मेडिकल कॉलेज यातला खरा फरक इथे होता. पहिल्या ठिकाणी मदतनिसाला लागेल तेवढंच शिकवायचं, असा हिशोब होता. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरला लागतं ते सगळं शिकवलं जात होतं.

१८५१ साली पहिली बॅच बाहेर पडली. पदवीचं नाव होतं ग्रॅज्युएट ऑफ ग्रांट मेडिकल कॉलेज. भाऊंसोबत आत्माराम पांडुरंग होते, ज्यांच्या घरी पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाजाची स्थापना झाली. अनंत चंद्रोबा होते, लिस्बोआ होते, कार्व्हालो होते. बॅच छोटी होती, पण त्यातली नावं पुढे मोठी झाली.

पण गोम पुढे होती.

कंपनीच्या नोकरीत विलायतेहून आलेला नवा डॉक्टर रुजू व्हायचा तो असिस्टंट सर्जन म्हणून. आणि इथे इतकी वर्षं घासून पदवी घेतलेल्या हिंदी डॉक्टरसाठी सरकारी जागा होती सब-असिस्टंट सर्जनची. थोडक्यात, मदतनिसाचाही मदतनीस. वरच्या वैद्यकीय सेवेची परीक्षा हिंदी माणसांसाठी खुली झाली ती थेट १८५५ मध्ये, आणि तीही लंडनला. त्यासाठी समुद्र ओलांडायचा, खिशात पैसे असायला हवेत आणि जातीचा बहिष्कार झेलायची तयारीही.

शिक्षण पूर्ण आणि खुर्ची मात्र अर्धी.

भाऊंनी या शिडीवर आयुष्य घालवलं नाही. १८५१ मध्येच त्यांनी मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. बघता बघता ते शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या डॉक्टरांपैकी एक झाले. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही त्याच कॉलेजातून डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

आपल्याला अर्धी खुर्ची का, हा प्रश्न त्यांनी फक्त स्वतःपुरता ठेवला नाही.

१८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. मुंबईतली ही पहिली राजकीय संघटना म्हणून ओळखली जाते. काँग्रेसच्या ३३ वर्षं आधीची गोष्ट. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखी मंडळी त्यात होती आणि सचिवपदाचं काम भाऊ दाजींकडे होतं. असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. शिकलेल्या हिंदी लोकांना वरच्या सरकारी जागा मिळाव्यात, ही त्यातली एक मोठी मागणी होती. आपल्या बॅचला जे भोगावं लागलं, तेच सगळ्या देशाचं दुखणं आहे, हे भाऊंना बरोबर कळलं होतं.

पूर्ण डॉक्टर असण्याला काय वजन असतं, ते १८६२ मध्ये कोर्टात दिसलं.

नेटफ्लिक्सवर २०२४ मध्ये ‘महाराज’ नावाचा सिनेमा आला होता, तो ज्या खटल्यावर आहे तोच हा महाराज लायबल केस. पत्रकार करसनदास मुळजी यांनी वैष्णव संप्रदायाचे महाराज जदुनाथजी यांच्या वागण्यावर लिहिलं आणि महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. महाराजांची ताकद इतकी की त्यांच्या विरोधात तोंड उघडायला लोक घाबरायचे.

भाऊ दाजींनी महाराजांवर उपचार केले होते. ते साक्षीला उभे राहिले आणि महाराजांना गुप्तरोग झाला होता, हे त्यांनी कोर्टापुढे सांगितलं. वैद्यकीय पुराव्याने खटल्याला मोठं बळ मिळालं आणि बदनामीच्या मुख्य आरोपातून करसनदास सुटले. आजच्या नियमांनी पेशंटची गुपितं सांगण्यावर वाद होऊ शकतो. पण शहरातल्या सगळ्यात बलाढ्य माणसांपैकी एकाच्या विरोधात आपलं निदान कोर्टात ठामपणे मांडणं, हे दुसऱ्याच्या सहीवर काम करणाऱ्या सब-असिस्टंटला जमलं असतं का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

भाऊंचा अभ्यास कॉलेजसोबत संपला नव्हता.

त्यांनी संस्कृतमधले जुने वैद्यक ग्रंथ वाचायला घेतले आणि त्यात सांगितलेली औषधं रुग्णांवर तपासून पाहायला सुरुवात केली. ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही, आणि देशी आहे म्हणून टाकूनही द्यायचं नाही, ही त्यांची पद्धत. यातून त्यांनी हात घातला तो कुष्ठरोगाला. ज्या रोग्याला लोक गावाबाहेर काढायचे, त्याच्यावर ते औषध शोधत होते. कडू कवठाच्या बियांचं तेल त्यांनी वापरलं. औषध काय आहे हे ते उघड करत नाहीत, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. मात्र याच जातीच्या झाडांचं तेल १९४० च्या दशकात नवी औषधं येईपर्यंत जगभर कुष्ठरोगावरचा मुख्य इलाज होतं.

बाकी यादी तर संपत नाही. जुनागढ आणि अजिंठ्याचे शिलालेख वाचले. जुनी नाणी जमवली. मुलींच्या शिक्षणासाठी लढले आणि त्यांच्या नावाने मुलींची शाळा निघाली. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी ते एक. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. राणीच्या बागेतलं म्युझियम उभं राहावं म्हणून त्यांनी निधी जमवण्यापासून मेहनत घेतली. १८७२ मध्ये ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने उघडलं.

शेवटची वर्षं मात्र आजारपणात गेली. अर्धांगवायूने त्यांना गाठलं आणि १८७४ च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं. १९७५ मध्ये म्युझियमला त्यांचं नाव देण्यात आलं.

मग मदतनीस बनवणारं शिक्षण वाईट होतं का?

तर तसंही नाही. १८६० च्या दशकात ग्रांट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजरातीतून वर्ग भरायला लागले आणि त्यातून हॉस्पिटल असिस्टंट तयार झाले. पुण्यातलं बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ चं, तेही याच वाटेवरचं. १९४६ मध्ये त्याचं कॉलेज झालं. गावाकडच्या माणसाला पहिल्यांदा नव्या वैद्यकशास्त्राचा उपचार मिळाला, तो बऱ्याचदा अशाच लोकांच्या हातून. पण पगार कमी, मान कमी आणि वर जायची वाट बंद. १९४६ च्या भोर समितीने शेवटी सांगितलं की, डॉक्टरचं शिक्षण एकाच दर्जाचं असावं.

पुढे हीच कल्पना नव्या रूपात आली. अमेरिकेत १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या चार जणांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा कोर्स सुरू केला. भारतात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने तो आला. २०२१ च्या कायद्याने तर अशा आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली.

त्यामुळे आज ॲडमिशन घेताना नावात असिस्टंट आहे, एवढ्यावर हो किंवा नाही ठरवण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे की, कॉलेजला स्वतःचं चालतं हॉस्पिटल जोडलेलं आहे का? वॉर्डात किती तास उभं राहायला मिळणार? शिकवणार कोण? आणि डिग्री हातात आल्यावर कायद्याने नेमकं काय करता येणार, काय नाही? कारण आज फिजिशियन असिस्टंट डॉक्टरच्या देखरेखीखालीच काम करतो, स्वतंत्र प्रॅक्टिस करत नाही. ते आधी माहीत असलेलं बरं.

सरकारने भाऊ दाजींच्या बॅचसाठी ठेवलेल्या पदाचं नाव सब-असिस्टंटच होतं. पण मोरहेडसारखा गुरू, शेजारचं हॉस्पिटल आणि पूर्ण अभ्यासक्रम मिळाला, म्हणून त्या नावापलीकडे जायची ताकद त्यांच्या हातात आली. पदाचं नाव सरकार ठरवतं. हातात किती विद्या येते, हे मात्र कॉलेज आणि विद्यार्थी ठरवतात.