विरक्त कवी नारायण वामन टिळक

टिळक म्हटले की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे लोकमान्य उभे राहतात. आज आम्ही लिहितो आहोत ते टिळक दुसरे. कोकणातले, ब्राह्मणाच्या पोटचे, संस्कृतात मुरलेले आणि पुढे ख्रिस्ती झालेले कवी. वारकऱ्यांच्या मासिकात हे चरित्र कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. आपल्या तुकोबारायांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे हे गृहस्थ सांगत असत. तेव्हा त्यांचा थोडा हिशेब आपल्या वहीतही निघतो.

जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आई भाविक, वडील करडे. आई लवकर गेली आणि पोराने घर सोडले. नाशकास संस्कृताचे अध्ययन झाले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका पत्नी म्हणून आली. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. नोकरी मात्र एके जागी टिकेना. आज या गावी तर उद्या त्या. अखेर १८९१ च्या सुमारास नागपुरात आप्पासाहेब बुटींसारख्या धनिकाच्या आश्रयाने जुन्या संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. मान होता, मांडीवर मूल खेळत होते. प्रपंचाचे गाडे रुळावर आले असेच कोणीही म्हटले असते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी बोलणे झाले आणि त्याने ‘नवा करार’ हाती ठेवला. टिळक पुस्तक वाचीत गेले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. इहलोकी धन साठवू नये, देव आणि पैसा या दोघांची चाकरी एकाच वेळी होत नाही, असा त्या प्रवचनाचा एक भाग आहे. ज्याने लहानपणापासून आपल्या संतांची वाणी ऐकली त्याला हे परके कसे वाटावे?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पोटासाठी बाटला, असे त्या काळी अशा माणसाविषयी सर्रास बोलत. पण पाहा हो, त्यांच्या पदरी काय पडले? जात गेली, गोत गेले. पत्नीला कळले ते मागाहून. ती दुःखाने वेड्यासारखी झाली, लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाला राहिली; त्यातला काही काळ तर आपल्या पंढरपुरात. चार-साडेचार वर्षे दोघांची ताटातूट झाली. धर्म सोडण्याची त्यांची वाट आमची नव्हे, हे उघडच आहे. पण त्याहून आम्हाला खुपते ते हे, की ज्या माउलीने इतके सोसले तिला आधी एका शब्दाने विचारले नाही. तुकोबांनी खतपत्रे वाटून आपला वाटा इंद्रायणीत टाकला तेव्हा जिजाईचे काय झाले असेल, ते इथे आठवते.

लक्ष्मीबाई परत आल्या तरी पहिल्याने सोवळे सांभाळूनच राहिल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. मन हळूहळू पालटले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरला त्यांचा संसार पुन्हा सुरू झाला. टिळकांच्या हाती पैसा म्हणून टिकत नसे, हे लक्ष्मीबाईंनी हसत हसत आणि कधी कपाळाला हात लावून लिहून ठेवले आहे. पोरकी मुले घरात येत आणि घरचीच होऊन राहत. बालकवी ठोमरेही याच घरी राहिले होते.

अमेरिकन मिशनचे वेतन मिळत होते. १९०४ साली दीक्षाही झाली, रेव्हरंड झाले. आता त्यांच्या देवळांत विलायती चालींची गाणी असत. टिळकांनी तिथे टाळ, अभंग आणि कीर्तन यांना मानाचे स्थान दिले. शेकडो भजने रचली.

आणि मग १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी ते वेतन सोडले. कोणाशी भांडण होऊन नव्हे. पगारी उपदेशकाचे बोलणे लोकांच्या अंतःकरणाला भिडत नाही, या देशात देवाचे नाव सांगणाऱ्याने फकीर व्हावे, हे त्यांच्या मनाने घेतले होते. साताऱ्यास जाऊन ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना हे रुचले नाही.

इथे आम्हा कीर्तनकारांना क्षणभर थांबावेच लागते. कीर्तन करून द्रव्य घेऊ नये, ही तुकोबांची आज्ञा आपल्याला मुखोद्गत आहे. आणि आता? आधी बिदागी ठरते, मग निरूपणाचा अभंग. तुकोबांचे नाव घेऊन परक्या देवळात गेलेल्या माणसाने ती आज्ञा उतारवयात, ठरलेला पगार सोडून पाळली.

त्यांना पुढे फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईस देह ठेवला. ‘ख्रिस्तायन’ हे येशूचे ओवीबद्ध चरित्र त्यांनी हाती घेतले होते, ते दहा-अकरा अध्यायांवर थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या १९३६ साली गेल्या आणि दोघांचा हा ग्रंथ १९३८ साली छापून बाहेर आला.