नागोरच्या वेशीवर जयाप्पा शिंदे

आम्हां रत्नागिरीकरांस पाण्याचें मोल सहसा कळत नाहीं. आपल्याकडे वर्षाकाठीं १२० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि आषाढांत तर आभाळ फाटल्यासारखें वाटतें. परंतु जेथें वर्षभरांत जेमतेम १५ इंच पाऊस, आणि तोही पडेल तेव्हां खरा, अशा एका शहराच्या वेशीवर एक मराठा सरदार नऊ महिने तळ देऊन राहिले, व तेथेंच त्यांचा देह पडला. त्या शहराचें नांव नागोर व त्या सरदारांचें नांव जयाप्पा शिंदे. महादजी शिंदे यांची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या या वडील बंधूंचें चरित्रही आमच्या विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

शिंद्यांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेडचें. जयाप्पांचे वडील राणोजी हे पहिल्या बाजीरावांच्या पदरीं नांवारूपास आले व उज्जयिनीस त्यांनीं आपलें ठाणें केलें. १७४५ सालीं राणोजी वारले आणि सरदारी जयाप्पांकडे आली. ते शूर, करारी व शब्दास जागणारे होते. १७५१ सालीं मल्हारराव होळकरांच्या बरोबरीनें त्यांनीं फरुकाबादच्या बंगष पठाणांचा पराभव केला. मात्र त्याच वर्षीं जानेवारी महिन्यांत जयपूर शहरांत एक भयंकर प्रकार घडला होता. खंडणीच्या तगाद्यानें चिडलेल्या लोकांनीं शहर पाहावयास आलेल्या हजारों मराठ्यांची कत्तल केली. राजपुतांच्या मनांत काय धुमसत आहे, याची ती पहिली खूण होती.

नागोर ज्या राज्यांत मोडत असे त्याचें नांव मारवाड. मरु म्हणजे वाळवंट. त्यावरूनच हें नांव पडलें. सुमारे ३५,००० चौरस मैलांच्या या राज्याची राजधानी जोधपूर असून तें शहर राव जोधा यांनीं १४५९ सालीं वसविलें. हें राज्य १९४९ सालीं राजस्थानांत विलीन झालें. ताजमहालाचा शुभ्र संगमरवर मारवाडांतील मकराण्याच्या खाणींतला, आणि सांभर सरोवराचें मीठ दूरदूरच्या बाजारांत जात असे. नागोरचे उंच, चपळ बैल सगळ्या हिंदुस्थानांत नांवाजलेले आहेत. आपले किल्ले डोंगरमाथ्यावर किंवा समुद्राच्या कडेस असतात. नागोरचा अहिछत्रगड मात्र सपाट वाळूच्या मैदानांत उभा आहे. त्याचें खरें बळ भिंतींइतकेंच पाण्यांत आहे. पावसाचा थेंब न् थेंब तलावांत सांठविणाऱ्या शहराला आंत बसून राहतां येतें. उघड्या वाळूंत तळ देणाऱ्या फौजेला मात्र पाणी, वैरण व धान्य रोज बाहेरून शोधावें लागतें.

या राज्यांत गादीचा तंटा लागला होता. महाराजा अभयसिंग १७४९ सालीं वारल्यावर त्यांचा पुत्र रामसिंग गादीवर बसला. परंतु १७५१ सालीं त्याचा चुलता, नागोरचा धनी बख्तसिंग, यानें त्यास हुसकून लाविलें. पुढच्याच वर्षीं बख्तसिंग मरण पावला व त्याचा पुत्र विजयसिंग राजा झाला. रामसिंगानें जयाप्पांकडे आश्रय मागितला, आणि जयाप्पांनीं त्यास गादी परत मिळवून देण्याचें वचन दिलें.

१७५४ च्या सप्टेंबरांत मेडत्याजवळ मोठी लढाई झाली. विजयसिंगाचा पराभव झाला व तो बापाच्या जुन्या जहागिरींत, म्हणजे नागोरच्या किल्ल्यांत, जाऊन बसला. येथें तडजोड केली असती तर काम तेवढ्यावर संपलें असतें. पेशवे नानासाहेब यांचाही सल्ला असाच होता कीं, मारवाडचें प्रकरण फार न ताणतां लवकर मिटवावें. परंतु दिलेला शब्द पुरा करावयाचा आणि शत्रूस पुरतें नमवावयाचें, या दोन गोष्टींची जयाप्पांच्या मनांत गांठ पडली होती. ऑक्टोबरअखेर त्यांनीं नागोरास वेढा घातला. त्यांच्या फौजांनीं अजमेर घेतलें, जोधपूरही कोंडलें. पण नागोर पडेना. हिंवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि तहाचीं बोलणीं पुनःपुन्हां मोडलीं.

१७५५ च्या जुलै महिन्यांत, शहराजवळील ताऊसर येथील छावणींत, जयाप्पा स्नान आटोपत असतां विजयसिंगाच्या माणसांनीं दगा करून त्यांस ठार मारिलें. छावणींत एकच आकांत झाला. संतापाच्या भरांत शिपायांनीं हातीं लागतील त्या राजपुतांवर शस्त्र चालविलें; त्यांत उदयपुराहून मध्यस्थीसाठीं आलेले सलूंबरचे रावत जेतसिंग हेही बळी पडले. ज्यांनीं समेट करावयाचा त्यांचेंच रक्त सांडलें, हें आम्हांस या प्रसंगांतील सर्वांत दुःखाचें वाटतें.

जयाप्पांचे बंधु दत्ताजी यांनीं धीर न सोडतां वेढा चालूच ठेविला. १७५६ च्या आरंभीं तह झाला. अजमेर मराठ्यांस मिळालें, ५० लक्ष रुपये खंडणी ठरली आणि रामसिंगास अर्धें राज्य देण्याचें कबूल झालें. म्हणजे जय मिळाला. पण त्या जयाची किंमत काय? पांच वर्षांनीं पानिपतावर अब्दालीशीं गांठ पडली तेव्हां राजपूत राजे दूर उभे राहून पाहत बसले. दत्ताजी त्याआधींच, जानेवारी १७६० मध्यें, बुराडी घाटावर पडले होते. जयाप्पांचा तरुण पुत्र जनकोजी पानिपतावर शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. महादजी जखमी होऊन वांचले. विजयसिंगानें १७८७ सालीं अजमेर परत घेतलें, आणि तें सोडविण्यासाठीं महादजींच्या फौजांना १७९० सालीं पुन्हां त्याच मेडत्याच्या मैदानावर लढावें लागलें. एका वेढ्यानें पेरलेलें वैर छत्तीस वर्षांनींही जिवंत होतें.

जयाप्पांच्या शौर्याविषयीं आम्हांस तिळभरही शंका नाहीं. शरण आलेल्याचा कैवार घेऊन त्यांनीं आपला प्राण वेंचला. परंतु शत्रू हरल्यानंतर त्यास सन्मानानें उभें राहण्यापुरती जागा ठेवणें, हाही शौर्याचाच भाग आहे. आणि तो रणांतील शौर्यापेक्षां अवघड आहे. खेळाच्या मैदानांत, वर्गांत किंवा घरच्या भाऊबंदकींत जिंकण्याची वेळ आमच्या विद्यार्थ्यांवरही येईल. त्या वेळीं त्यांनीं ताऊसर येथील छत्रीची आठवण करावी. वाळवंटांत उभी असलेली ती छत्री एका शूर मराठ्याची समाधि आहे, आणि जिंकल्यावर थांबावें केव्हां, हें विचारणारी एक निःशब्द खूणही आहे.